चालू असेल ती राहील

सेक्रेटरी दारात उभा राहून म्हणाला, "बाई, तुमची अँटेना तशीही मेलेलीच आहे. कशाला कवटाळून बसताय तिला?" आणि माझं डोकं फिरलं.

माझं डोकं लवकर फिरतं, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. मी शाळेत पीटी शिकवायचे. शिट्टी घरी विसरले तरी काम अडायचं नाही, असा माझा आवाज. माझी थोरली बहीण, ताई, जन्मापासून बहिरी. ती तोंडाने बोलत नाही, हातांनी बोलते. दोघींच्या वाटणीचा आवाज एकीलाच मिळाला, असं आमची आई म्हणायची. आता दोघी निवृत्त आहोत, लग्नाच्या भानगडीत दोघीही पडलो नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर एकमेकींचं डोकं खात सुखाने राहतो.

"मेली का जिवंत आहे, ते तुम्ही नाही ठरवायचं," मी म्हटलं. "मीटिंगमध्ये काय ठरलंय? चालू असेल ती राहील. तुमच्याच तोंडचे शब्द आहेत."

"मग चालू आहे का?"

इथे माझी पंचाईत झाली. कारण अँटेना चालू होतीही आणि नव्हतीही.

प्रकरण असं होतं. गच्चीवर नवीन फरशी बसवायची होती. एकेकाळी तिथे अँटेनांचं रान माजलेलं असायचं, पण केबल आली आणि एकेका घराने वरच्या काड्यांकडे पाठ फिरवली. राहिले ते गंजलेले पाइप आणि त्यांवर बसणारे कावळे. कमिटीने ठरवलं की येत्या रविवारी करवतवाला बोलवायचा आणि सगळे पाइप बुडापासून कापून टाकायचे. मी मीटिंगमध्ये उभी राहून आकाशपाताळ एक केलं, तेव्हा सेक्रेटरीने सुटका करून घ्यायला म्हटलं की ठीक आहे, चालू असेल ती राहील. त्याला माहीत होतं की आमच्या टीव्हीवर सध्या मुंग्या येतात. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मीच मूर्खासारखं सांगितलं होतं, आणि काकूंना सांगितलं म्हणजे झालंच.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या अँटेनात? केबल घ्यावी आणि मोकळं व्हावं. सेक्रेटरीही तेच म्हणत होता. म्हणून सांगते.

दर रविवारी दुपारी बारा वाजता सरकारी चॅनलवर पंधरा मिनिटं खुणांच्या बातम्या लागतात. निवेदक बोलतो आणि कोपऱ्यातल्या लहानशा चौकोनात एक बाई तेच सगळं हातांनी सांगते. ताईच्या अख्ख्या आठवड्यात तेवढी पंधरा मिनिटं तिची स्वतःची. एरवी तिला जगाची खबर माझ्याकडून कळते, आणि मी पडले घाईची बाई. रेडिओवर दहा वाक्यं ऐकते आणि हातांनी दोन सांगते. पूर आला, माणसं गेली. ताई विचारते, कुठे, किती, आता पुढे काय? मी म्हणते, झालं, एवढंच होतं. त्या पंधरा मिनिटांत मात्र तिला माझी गरज नसते. मधे कुणी गाळणी धरत नाही, कुणी आटोपतं घेत नाही. रविवारी ती सकाळपासून नीट केस विंचरून खुर्चीत बसते, आणि मग आठवडाभर मलाच बातम्या सांगते. मला न कळलेल्याही.

आणि केबलवर नेमकं काय होतं, तर रविवारी दहा ते सव्वाबारा केबलवाला त्याच चॅनलच्या जागी स्वतःचा सिनेमा लावतो. मी त्याच्या दुकानात जाऊन भांडले. तो सतत काहीतरी चघळत असतो. ताईच्या भाषेत माणसांना नावं नसतात, खुणा असतात, आणि केबलवाल्याची खूण म्हणजे नुसता हलणारा जबडा. जबडा हलवत तो मला म्हणाला, "बाई, रविवारी लोकांना सिनेमा पाहिजे. ते हातवारे कोण बघतंय?"

"माझी बहीण बघते."

"एका माणसासाठी अख्खी लाइन बदलू का मी?"

वर या गृहस्थाने गच्चीत आमच्याच पाइपला स्वतःचा डबा बांधून ठेवलेला. त्या डब्यातून बिल्डिंगभर वायरी जातात. विचारणं नाही, सांगणं नाही. मी तक्रार केली तर सेक्रेटरी म्हणाला की तुमचा पाइप झिजतोय का त्याने.

तर आता अँटेना गेली की ताईच्या बातम्या गेल्या. त्याला दुसरा रस्ता नव्हता.

सेक्रेटरी गेल्यावर ताईने विचारलं, काय म्हणत होता? त्याची खूण विचारू नका. एका कानापासून केस उचलायचे, टकलावरून ओढत न्यायचे आणि दुसऱ्या कानावर चिकटवायचे. मी सगळं सांगितलं. ताई क्षणभर पडद्याकडे बघत राहिली. मग उठली, हत्यारांचा डबा काढला आणि माझ्या हातात पक्कड दिली. ताईचं हे असं आहे. मी आरडाओरडा करून दमते तोवर तिचं काम सुरू झालेलं असतं.

बिघाड नक्की काय होता, तर गेले काही रविवार बातम्या सुरू झाल्या की पडद्यावर मुंग्या आणि तिरक्या पट्ट्या. निवेदकाचा चेहरा मोठा, तो कसाबसा ओळखू यायचा. पण कोपऱ्यातल्या बाईची बोटं त्या पट्ट्यांत पार विरघळून जायची. आणि बोटं दिसली नाहीत तर बातमी नाही. मागच्या रविवारी ताई पडद्यापासून वितीवर नाक नेऊन बसली होती. शेवटी तिने डोळे चोळले, टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला गेली. त्या भांड्यांचा जो आवाज झाला तो तिला नाही, मला ऐकावा लागला.

आम्ही पद्धतशीर सुरुवात केली. आधी दिशा. मी गच्चीत, ताई खाली आतल्या अंगणाकडच्या बाल्कनीत. गच्चीच्या कठड्यावरून मला ती दिसते, आणि तिला मान वळवली की खोलीतला टीव्ही दिसतो. लोकांच्या घरी अँटेना फिरवताना "आलं का? गेलं! आलं!" असा बाजार उठतो आणि तरी अर्धं ऐकू येत नाही. आमच्यात ती भानगडच नाही. पाइप इंचभर फिरवला की ताईचा हात हलतो. थोडं डावीकडे. जास्त झालं. मागे. थांब. काच पुसल्यासारखे दोन्ही तळवे फिरले की समजायचं, चित्र स्वच्छ. त्या दिवशी तळवे फिरले, पण मग तिने एक हात दुसऱ्यामागे धरून हलवला. सावली आहे. प्रत्येक माणसामागे त्याचंच एक पुसट भूत उभं होतं.

मग वायर. वरपासून खालपर्यंत वायर चाचपत आम्ही निघालो. खिडकीच्या चौकटीत एके ठिकाणी ती चेपली होती. तेवढा तुकडा कापला तर आतली तांब्याची तार काळी पडलेली. ताई जन्मभर छापखान्यात बाइंडिंग करत होती, तिची बोटं असल्या कामाला सरावलेली आहेत. तिने वायर सोलली, भोवतीची जाळी नीट मागे दुमडली, एकही केस मधल्या तारेला चिकटू दिला नाही, नवी पिन बसवली. मुंग्या नव्हत्याच, पण सावली होती तशीच राहिली.

मग मी मेकॅनिकला बोलावलं. त्याची खूण कानावर बोट, कारण तिथे त्याची पेन्सिल असते. त्याने आमचा बूस्टर काढून बघितला, पुन्हा लावला, आणि मी आणखी मोठा बूस्टर आणायची गोष्ट काढली तेव्हा हसला.

"बाई, बूस्टरला काय कळतं? तो चित्र मोठं करतो तशा मुंग्याही मोठ्या करतो. आणि मुंग्या आहेत कुठे? हे काय, चांगलं दिसतंय की."

खरंच चांगलं दिसत होतं. बुधवारची दुपार होती आणि पडद्यावर कुणीतरी शेळ्यांच्या आजारांबद्दल माहिती देत होतं. मेकॅनिकने बटण फिरवून आवाज ऐकला, तोही ठणठणीत. जाताना त्याने तो पुन्हा शून्यावर आणला, कारण ताईने त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

हा आमच्या घरचा नियम आहे. टीव्ही घरात आला त्या दिवशी मी आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि म्हटलं, जे दोघींना मिळत नाही ते या घरात एकीलाही नको. रेडिओ स्वयंपाकघरात, तो माझा. टीव्ही बाहेरच्या खोलीत, तो मुका. लोकांना हे विक्षिप्त वाटतं. वाटू दे.

"सावलीचं काय?" मी विचारलं.

"समोरच्या उंच इमारतीवर आपटून येत असेल. चालायचंच."

घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते त्यालाही कळलं नव्हतं, पण चित्र तर दिसत होतं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारी रात्रीपर्यंत पडदा असा लखलखीत की मी जिना उतरून सेक्रेटरीच्या दारात गेले आणि घंटी दाबून धरली.

"उद्या बाराला या. करवतवाल्यालाही आणा. खुणांच्या बातम्या स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मग कापायचं काय ते ठरवा."

"येतो की," तो म्हणाला.

तो आला. बरोबर पहिल्या मजल्यावरच्या काकूही आल्या, फुकटचा तमाशा त्या कशाला सोडतील? करवतवाला थेट वर गच्चीत गेला होता. ताई केस विंचरून खुर्चीत. मी यजमानीण असल्यासारखी टीव्हीशेजारी उभी. बारा वाजले, बातम्यांचं चक्र फिरलं, निवेदक आला, आणि त्याच्याबरोबर मुंग्याही आल्या. मुंग्या, तिरक्या पट्ट्या, सगळं लटांबर. कोपऱ्यातल्या बाईचे हात म्हणजे नुसता धूर.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईने माझ्याकडे बघितलंही नाही. ती पुढे झुकली आणि डोळे बारीक करून त्या धुरात बोटं शोधायला लागली. काकू तिच्याकडे बघून चक् चक् करत होत्या. ते चक् चक् ऐकून मला कुणालातरी फटकवावंसं वाटलं.

"काय बाई?" सेक्रेटरी म्हणाला. त्याला आनंद झाला होता, पण तो चांगल्या घरचा माणूस, आनंद तोंडावर दिसू देत नव्हता. "आता तरी पटलं ना? निदान आवाज तरी येतो का याचा?"

आणि त्याने हात पुढे करून बटण फिरवलं.

निवेदक शांतपणे तोंड हलवत होता. त्याच्या तोंडातून एक बाई किंचाळली. मग धाडधाड दार वाजलं आणि कुणी पुरुष गरजला, "दार उघड! तू आत आहेस हे मला माहीत आहे!" मागे व्हायोलिनं कोकलत होती.

"अरे!" सेक्रेटरी म्हणाला. "हा तर आमच्याकडचा सिनेमा. आत्ता हाच चाललाय खाली."

"आमच्याकडेही," काकू म्हणाल्या. "शेवटच आलाय. खुनी कोण ते आता कळेल. मी उगाच वर आले."

माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. आमच्या घरी केबल नाही. आमच्या टीव्हीला एकच वायर, ती सरळ गच्चीत जाते. मग केबलचा सिनेमा आमच्या टीव्हीत शिरला कुठून? दुसऱ्या कुठल्याही घरात पहिल्याच रविवारी कुणीतरी म्हणालं असतं, हे काय, बातम्यांत किंकाळ्या कसल्या? आमच्याकडे किंकाळ्या ऐकणार कोण? मी नियम केला होता ना.

मी जिना चढत सुटले. करवतवाला टाकीच्या सावलीत बसला होता. मी थेट आमच्या पाइपाशी गेले. केबलवाल्याचा डबा आमच्या अँटेनाच्या काड्यांखाली हातभरावर. वाकून बघितलं. झाकण नाही. आत शिरणाऱ्या मुख्य वायरीला पिनच नव्हती, तार नुसती भोकात खुपसून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि ती चिकटपट्टीही सुटून लोंबत होती. अशी उघडी तार म्हणजे गळकी नळी. सिनेमा तिथून हवेत गळत होता, आणि दूरच्या स्टेशनवरून चालत आलेलं चित्र पोचायच्या आत आमची अँटेना हा शेजारचा सिनेमा पिऊन टाकत होती. तोच चॅनल, तोच आकडा. आठवडाभर केबलवाला त्या आकड्यावर सरकारी चॅनलच दाखवायचा, म्हणून आम्हाला एकावर एक दोन सारखी चित्रं दिसायची आणि मेकॅनिक त्याला सावली म्हणायचा. रविवारी सिनेमा लागला की ताईच्या बातम्यांचा चुथडा.

ज्याने बातम्या काढून टाकल्या त्याचाच सिनेमा आमच्या पाइपावर बसून उरलेल्या बातम्याही खात होता. माझं पित्त खवळलं.

"अहो बाई, काय करताय?" करवतवाला उठला.

मी ती वायर धरली आणि उपटली. जराही जोर लागला नाही.

कठड्याशी जाऊन खाली बघितलं. ताई बाल्कनीत आली होती. तिचे दोन्ही तळवे फिरले. स्वच्छ. मग तिने दोन बोटं तोंडाशी नेली, ही माझी खूण, शिट्टी, आणि मूठ छातीवर आपटली, म्हणजे शाब्बास. आणि आत पळाली. बातम्या चालू होत्या ना, माझं कौतुक करत बसायला तिला वेळ कुठे होता?

त्यानंतर बिल्डिंग जागी झाली. आधी एक दार उघडलं, मग दहा. "गेलं! गेलं! तुमच्याकडे आहे का?" "खुनी दाखवणार होते हो!" कुणी केबलवाल्याचा उद्धार करत होतं, कुणी टीव्हीवर थापा मारत होतं, त्या मला वरपर्यंत ऐकू येत होत्या. मग सेक्रेटरीचा आवाज आला, "गच्चीत! ती बाई गच्चीत आहे!" आणि जिन्यावर पावलांचा गडगडाट.

सेक्रेटरी धापा टाकत आला. केस सगळे एका बाजूला, वाऱ्यावर उभे. मागे वीसेक माणसं.

"बाई, ती वायर लावा आधी."

"नाही."

"अहो, शेवटचा सीन आहे!"

"बातम्या संपल्या की लावते. सव्वाबाराला."

"तोवर सिनेमा संपेल!"

"संपू दे."

"मीच लावतो," म्हणून तो पुढे सरकला. मी वायर पाठीमागे धरली आणि शाळेत शेवटच्या रांगेसाठी राखून ठेवलेला आवाज काढला. "जागचं हलायचं नाही!" सगळे थांबले. करवतवालासुद्धा, आणि त्याचा काही संबंधही नव्हता.

मग बोलणी सुरू झाली. ही काय पद्धत आहे. एका बाईसाठी सगळ्यांना वेठीला धरायचं. कायद्याने गुन्हा आहे. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "हे बघा, तुमची ती मुकी बहीण, आम्हाला तिच्याबद्दल सहानुभूतीच आहे, पण..." मी म्हटलं, "सहानुभूती ठेवा तुमच्याजवळ. माझ्या पाइपावर गळकं डबडं बांधलंय, ते बघा आधी." आणि प्रत्येकाला त्या उघड्या तारेपाशी नेऊन दाखवलं. बघायला कुणी तयार नव्हतं, पण मी दाखवलं.

तेवढ्यात काकू वर आल्या. त्या मधल्या वेळात आमच्या घरातच होत्या. त्यांना ताईकडे दाद मागायची होती की तुझ्या बहिणीला आवर. त्या ताईच्या आणि टीव्हीच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ताईने त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं, उचलून ठेवावं तसं बाजूला ठेवलं आणि पुन्हा बसली.

"मला हात लावला हो तिने!" काकू म्हणाल्या. "आणि यांच्याकडे बघा, चित्र असं लख्ख, आरशासारखं. त्या बाईच्या बोटांतली अंगठीसुद्धा दिसतेय. आणि आमच्याकडे काळोख!"

"ऐकलंत?" मी सेक्रेटरीला म्हटलं. "लख्ख. आरशासारखं. माझी साक्ष नाही, यांची आहे. चालू असेल ती राहील."

सेक्रेटरीने काकूंकडे असं बघितलं की त्यांना जिन्यावरून उतरावंसं वाटलं असेल. करवतवाल्याने विचारलं, "साहेब, मग ही सोडून बाकीच्या कापायच्या ना?" सेक्रेटरीने वाऱ्यावर उडणारे केस टकलावर परत चिकटवले. मग म्हणाला, "ही सोडून." करवतवाला उठून पलीकडच्या पाइपाकडे गेला.

मी जिंकले होते. मला वाटलं आता वायर लावावी, लोक जातील, आपण खाली जाऊन चहा टाकावा. मी वाकून ती तार पुन्हा भोकात खुपसायला लागले.

माझ्या मनगटावर हात पडला. ताई होती. बातम्या संपल्या होत्या आणि ती वर आली होती.

तिने सगळ्यांकडे बघितलं. इतकी माणसं एका जागी, इतकी चिडलेली. मग मला विचारलं, यांना काय झालं?

मी सांगितलं. यांचा सिनेमा मधेच बंद पडला. शेवट राहिला. खुनी कोण ते कळलं नाही.

ताई हसली. ताईच्या हसण्याला आवाज आहे, मोठा, वेडावाकडा, आणि तो बाहेरच्यांनी फारसा ऐकलेला नाही, कारण बाहेर ती हसत नाही. लोक दचकले. ती हसून झाली, डोळे पुसले, आणि तिने हात वर केले.

"काय म्हणतेय?" सेक्रेटरीने विचारलं.

माझ्या तोंडावर तयार उत्तर होतं. लोकांसमोर ताई पाच वाक्यं बोलते आणि मी एक सांगते, तेही कडा घासून. ती म्हणतेय झालं ते झालं, असं काहीतरी मी सांगणारच होते. ताईने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. एकही शब्द खाऊ नकोस, तिने सांगितलं. मी तुझे ओठ बघणार आहे.

मग ती बोलायला लागली, सावकाश, हात छातीपासून लांब, मागच्या माणसालाही दिसावेत असे. आणि मी तिच्या मागोमाग बोलत गेले.

"तुम्हाला पंधरा मिनिटं कळलं नाही, काय चाललंय ते. पंधरा मिनिटं. तर तुम्ही जिना हादरवत वर आलात. मला न विचारता माझ्या घरात शिरलात. माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिलात."

ताईचे हात चालूच होते.

"मला जन्मभर कळलेलं नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात डॉक्टर बोलत होते, सगळे मान हलवत होते. मी विचारलं, काय म्हणाले? मला म्हणाले, काही नाही. बिल्डिंगच्या मीटिंगला मी दरवेळी येते. तुम्ही हसता, भांडता, हात वर करता. मीही हात वर करते, कशासाठी ते माहीत नसतं. ही मला सांगते, पण अर्धंच."

माझा आवाज फाटला. ताई माझ्या ओठांकडे बघत थांबली. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. "ही मला सांगते, पण अर्धंच."

"मी कुणाचं दार ठोठावलं? मी कुणाची वायर ओढली? मला राग येत नाही असं वाटलं तुम्हाला? मला रोज येतो. आजच्या बातम्या मी शेवटपर्यंत बघितल्या, आणि पुढच्या रविवारीही बघणार आहे. त्या डब्याचं काय करायचं ते तुम्ही बघा."

ताईचे हात थांबले. माझंही बोलणं थांबलं. गच्चीत सगळे माना वाकड्या करून माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरी माझ्याकडे, काकू माझ्याकडे, ते सहानुभूतीवाले माझ्याकडे. काकूंनी पुढे होऊन माझाच हात धरला आणि म्हणाल्या, "अहो बाई, आम्हाला खरंच कल्पना नव्हती हो."

मी हात सोडवून घेतला.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "तिला सांगा. बोलत होती ती."